डेलचा आकडा

व्हर्नने डावा बूट दाराच्या चौकटीला टेकवला, टाच अडकवली आणि पाय बाहेर ओढून पाहिला. बूट हलला नाही. दुसऱ्यांदा ओढताना तोंडातून निघालेलं कण्हणं त्याने खोकल्यात लपवलं. मार्लिसने शेगडीवरची कॉफी बाजूला केली, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी बूट धरला.

"राहू दे गं, मी काढतो."

"कधी? बर्फ वितळल्यावर?"

बूट निघाला, आणि त्याच्यासोबत ओंजळभर बर्फाचं पाणी फरशीवर आलं. मोजा घोट्यापर्यंत चिंब होता. ती त्या मोज्याकडे बघत राहिली.

"हे पाणी कुठून आलं?"

"रस्त्याच्या कडेला जरा उतरलो होतो."

"तू उतरलास की गाडी उतरली?"

व्हर्नने क्षणभर विचार केला. "दोघंही," तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. गॉर्डीचा फोन मघाशीच येऊन गेला होता. गॉर्डी काउंटीच्या गॅरेजचा मुख्य, व्हर्नचा शाळेपासूनचा मित्र. व्हर्न चालवायचा ती काउंटीची बर्फ सारायची अवजड गाडी तळ्याकडच्या वळणावर खड्ड्यात गेली, असं त्याने सांगितलं होतं. गाडीला काही झालं नाही, व्हर्नलाही नाही. मग थोडा थांबून तो म्हणाला होता, "मार्लिस, त्याचा पाय ब्रेकवर वेळेत गेलाच नाही. कंबर धरली त्याची. आज पुढे खड्डा होता म्हणून बरं."

"सोमवारी फोन कर," मार्लिस मोजा पिळत म्हणाली. "पेन्शन सुरू कर आणि गाडीची किल्ली गॉर्डीला देऊन टाक."

"सत्तर पूर्ण झाले की करतो."

"त्याला अजून दीड वर्ष आहे. दोन हिवाळे."

"निघून जातील."

तो उठला, भिंतीला हात लावत लावत खोलीत गेला, आणि विषय संपला. व्हर्नचे विषय असेच संपत. तो त्यांच्याजवळून उठून जाई.

इकडे मिशिगनच्या उत्तरेला हिवाळा लांब आणि माणसं अबोल; पण साठी उलटलेल्यांच्या गप्पा हरणाच्या शिकारीवरून सुरू झाल्या तरी शेवटी पेन्शनवरच येऊन थांबतात. सरकारी पेन्शन बासष्टाव्या वर्षापासून घेता येते. जेवढं थांबाल तेवढी ती वाढते, आणि सत्तरीला वाढायची थांबते. नवराबायकोपैकी एक गेलं की मागे राहील त्याला दोघांतली मोठी असेल ती मिळते. नियम एवढाच, पण त्याने घरोघरी भांडणं लावली आहेत. कोणी म्हणतं, मिळतंय तोवर पदरात पाडून घ्या. कोणी म्हणतं, दमानं घ्या. आणि सगळ्यांच्याच हिशोबात एक गोष्ट कायम कोरी राहते, ती म्हणजे आपण मरणार कधी.

व्हर्न आणि मार्लिसच्या घरात या हिशोबात आणखी एक माणूस होता. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

डेल मार्लिसचा पहिला नवरा. कागदाच्या गिरणीत कामाला होता, दुहेरी पाळ्या करायचा, आणि बावन्नाव्या वर्षी एका सकाळी डबा घेऊन निघाला तो गाडीपर्यंतही पोचला नाही. गिरणीचा पगार चांगला असल्याने त्याच्या नावावर पेन्शन भरपूर जमली होती. विधवेला ती साठाव्या वर्षापासून घेता येते. मात्र साठीच्या आधी तिने दुसरं लग्न केलं तर त्या पेन्शनवर पाणी सोडावं लागतं. साठीनंतर केलं तर सरकारची काही हरकत नसते.

व्हर्नने मागणी घातली तेव्हा मार्लिस सत्तावन्न वर्षांची होती. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीवर तिची स्वतःची पेन्शन तोकडीच होणार होती. तेव्हा दोघांनी शहाणपणाने ठरवलं, थांबायचं. तीन वर्षं व्हर्न तिच्याकडे जेवायला यायचा, भांडी विसळायचा आणि टोपी घालून आपल्या घरी परत जायचा. तिच्या साठाव्या वाढदिवसानंतरच्या रविवारी लग्न लागलं. चर्चच्या तळघरात वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफी होती, आणि गॉर्डी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "लग्नाला सासऱ्याची परवानगी घेतात ऐकलं होतं. हा पठ्ठ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची घेऊन आला!" सगळे हसले. व्हर्नही हसला. मार्लिसने मात्र पाहिलं, त्याने हातातला पाव तसाच बशीत परत ठेवला.

त्यानंतर सात वर्षं डेलची पेन्शन महिन्याच्या महिन्याला बँकेत येत होती, आणि व्हर्नने ती किती येते हे एकदाही विचारलं नव्हतं. टॅक्सच्या कागदांवर तो आकडा लिहावा लागे; ते कागद मार्लिस भरायची. त्या दिवशी तो लाकडं फोडायला बाहेर जायचा.

शनिवारपर्यंत ती गप्प राहिली. शनिवार तिने मुद्दाम निवडला, कारण शनिवारी संध्याकाळी सॉना असतो. घरामागे व्हर्नने स्वतःच्या हाताने बांधलेली ती लाकडी खोली, आत तापलेल्या दगडांची शेगडी, वर बसायला दोन फळ्या. फिनलंडहून आलेल्या म्हाताऱ्यांनी नातवंडांना जमीन फार दिली नाही, पण एक शिकवण दिली: सॉनात चर्चमध्ये वागावं तसं वागायचं. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, खोटं बोलायचं नाही. व्हर्न रविवारी चर्चमध्ये डुलक्या काढत असे, पण ही शिकवण त्याने कधी मोडली नव्हती. शिवाय इथून त्याला उठून जाता येणार नव्हतं. घामेजल्या अंगाने बर्फात धावणारे लोक असतात, पण त्यांच्या कंबरा शाबूत असतात.

ती त्याच्या शेजारी फळीवर बसली. दोघांच्याही अंगावर टॉवेलखेरीज काही नव्हतं, आणि त्या वयात त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

"एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहेस?"

"सत्तरच का?"

"वर्षाला आठ टक्के वाढते. कुठली बँक देते सांग."

"मला बँकेचं नको सांगू. घरचा हिशोब मी बघते. तू आज सुरू केलीस तरी आपल्याला पुरून उरेल. अरे, नाही सुरू केलीस आणि नुसता घरी बसलास तरी पुरेल."

"कोणाच्या पैशात पुरेल?"

तो हे हळूच बोलला, जागेचा मान राखून. पण बोलून गेला. व्हर्नने पळीने पाणी घेऊन दगडांवर टाकलं. वाफ उठून छताला लागली आणि दोघांच्या खांद्यांवर उतरली.

"मी घरी बसलो तर डेलच्या जिवावर बसणार," तो म्हणाला. "ते एक. पण खरं ते नाही."

"मग खरं काय?"

"उद्या मी गेलो—"

"शनिवारी असलं बोलतात का?"

"तूच काढलंस. मी गेलो की तुला दोघांतली मोठी मिळणार. आता मोठी त्याचीच असली, तर काय बदललं? काही नाही. महिन्याच्या महिन्याला त्याचंच येत होतं, त्याचंच येत राहणार. मध्ये एक माणूस येऊन राहून गेला, बर्फ काढत होता, एवढंच." त्याने तोंडावरचा घाम पुसला. "मागे तुला माझं काहीतरी पुरावं गं. तू वाण्याकडे जाशील, लाकडं घेशील, ती माझ्यातून घ्यावीस. सत्तरीला माझी जास्तीत जास्त होते. तेव्हाही त्याच्याहून कमी पडली तर पडली. पण मी थांबलोच नाही, असं नको."

मार्लिसला काय वाटलं ते सांगायचं तर, आधी तिला राग आला. या खुळापायी हा माणूस आणखी दोन हिवाळे ते लोखंडी धूड हाकणार, पाय ब्रेकपर्यंत पोचो न पोचो. आणि रागाच्या पाठोपाठ त्याच्यावर इतकी माया दाटून आली की तिला त्याच्याकडे बघवेना. डेलने तिच्यावर प्रेम केलं होतं, भरपूर केलं होतं. पण तिच्यासाठी कोणाशी शर्यत लावायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. हा बिचारा एका मेलेल्या माणसाशी धावत होता, आणि मेलेला माणूस दमत नाही.

बँकेच्या कागदावर कोणत्याच नवऱ्याचं नाव येत नाही, नुसतं सरकारचं येतं, हे सांगायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं. ते खरं होतं, पण त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं.

आणि दुसरंही एक तिला ठाऊक होतं. दोन्ही आकडे ठाऊक असलेली या घरात ती एकटीच होती. व्हर्न सत्तरीपर्यंत थांबला काय आणि शंभरीपर्यंत थांबला काय, त्याचा आकडा डेलच्या आकड्याला गाठणार नव्हता. तरुणपणी तो जंगलात लाकूडतोडीला होता, मजुरी रोख हातात, आणि सरकारला एक छदाम देत नाही म्हणून तेव्हाची ती सगळी पोरं मिशीला पीळ देत हिंडायची. गॉर्डीने तर पहिल्या रोख पगाराची पार्टी दिली होती. पेन्शन मोजणाऱ्यांच्या लेखी त्या वर्षांत व्हर्नने काडीचंही काम केलेलं नव्हतं. हे त्याला कोणी तेव्हा सांगितलं नाही, आणि आता सांगून काय होणार होतं?

"डेलची किती येते ते तू मला कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही विचारलं."

"आता विचार."

त्याने विचारलं नाही. पुन्हा पाणी टाकलं, वाफ उतरेपर्यंत मान खाली घालून बसला. मग शेगडीशीच बोलावं तसं म्हणाला, "किती येते?"

"तुझी आज सुरू केलीस तर जेवढी येईल, त्याच्यापेक्षा ऐंशी डॉलर कमी."

व्हर्नने मान वर केली.

"मी साठीलाच घेतली ना, म्हणून त्यांनी बरीच कापली," ती म्हणाली. हे खरं होतं, त्यामुळे बोलताना सोपं गेलं. "तू गेल्या वाढदिवसालाच त्याच्या पुढे गेलास."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि गेलेल्या माणसाची मापं आपणहून कोण काढत बसतं?"

ऐंशी डॉलर तिने विचार करूनच म्हटले होते. फार मोठा फरक सांगणारा पकडला जातो. पण ते शब्द तोंडातून निघाले आणि तिला डेलची लाज वाटली. त्याच्या अंगाला गिरणीतल्या लगद्याचा वास यायचा, नाताळच्या दिवशीसुद्धा तो दुप्पट पगारासाठी पाळीवर गेला होता, आणि आज तिने त्याच्या सगळ्या आयुष्यातून महिन्याला चांगले तीनशे-साडेतीनशे डॉलर एका वाक्यात उडवून दिले. तेही इथे बसून, जिथे ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. डेल समोर असता तर हसला असता, असं तिने स्वतःला सांगितलं. बहुतेक हसला असता. तो मनाने मोठा होता.

"नक्की?" व्हर्नने विचारलं.

"नक्की."

तो तिच्याकडे पाठ करून बसला आणि ब्रश मागे तिच्या हातात दिला. तिने पाठ घासायला सुरुवात केली.

"सोमवारी करतो फोन," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

रविवारी चर्चनंतर त्याने किल्ली गॉर्डीला दिली. गॉर्डीने ती खिशात टाकली आणि पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नाही. दुपारी मार्लिस बटाटे सोलत होती, आणि अर्ध्यातच तिचा हात थांबला. पेन्शनच्या कचेरीत तिचीही नोंद होती. व्हर्नने फोन केला, तर तिकडच्या माणसाच्या समोर दोन्ही आकडे असणार. खोटं बोलताना तिने ऐंशीचा विचार केला, सोमवारचा केला नाही.

"फोन मी करते," ती रात्री जेवताना म्हणाली. "तुला ते लोक नीट ऐकू येत नाहीत."

"पेन्शन माझी. स्पीकरवर टाकतो."

सोमवारी सकाळी तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून टेबलाशी बसला, जणू तिकडच्या बाईला तो दिसणार होता. मार्लिस त्याच्यासमोर बसली. तिने दोघांसाठी कॉफी ओतली, आणि स्वतःच्या कपाला हात लावला नाही. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एका तरुण मुलीचा आवाज आला. मुलगी गोड बोलत होती. नाव विचारलं, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव. व्हर्न प्रत्येक उत्तर मोठ्याने आणि सावकाश देत होता.

"तुमच्या पत्नीला सध्या दुसऱ्या कोणाच्या नोंदीवर पेन्शन मिळते का?"

"हो. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या. डेलच्या."

हे नाव त्याने या टेबलाशी कधी उच्चारलं नव्हतं. तिकडे बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला, मग थांबला.

"मिस्टर लाहटी, एक सुचवू का? तुम्ही सत्तरीपर्यंत थांबलात तर तुमची आणखी वाढेल. आणि तुमच्यानंतर पत्नीला काय मिळणार, हे दोघांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. मी सगळ्यांनाच सांगते, एकदा बघून घ्या. पत्नी जवळ असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर मी दोन्ही आकडे आत्ता वाचून दाखवते."

मार्लिस टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत होती. हरकत आहे म्हणावं तर का आहे ते सांगावं लागणार. हरकत नाही म्हणावं तर सगळंच संपलं. तिने वर पाहिलं तेव्हा व्हर्न तिच्याकडेच बघत होता. रागाने नाही, संशयाने नाही. सकाळी उठून खिडकीतून आज किती बर्फ पडलंय ते बघावं, तसा तो तिचा चेहरा शांतपणे बघत होता, आणि पुरेसं बघून झाल्यावर फोनकडे वळला.

"नको," तो म्हणाला.

"दोनच मिनिटं लागतील. कारण एकदा सुरू झाली की पुढे—"

"नको, पोरी. मला बायकोने सांगितलेत."

"त्यांनी सांगितलेले बरोबर असतीलच, पण आमच्याकडचा अधिकृत आकडा मी तुम्हाला एकदा—"

व्हर्नने हात पुढे केला, स्पीकर बंद केला आणि फोन उचलून कानाला लावला. डाव्या कानाला. गाडीच्या इंजिनाशेजारी इतकी वर्षं काढून त्या कानाने त्याला आता ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. मार्लिसला हे माहीत होतं. ती सात वर्षं पलंगावर त्याच्या उजव्या बाजूला झोपत होती.

"हो," तो फोनमध्ये म्हणाला. जरा थांबला. "हो, हो. बरोबर आहे." पुन्हा थांबला, आणि मोकळा हात टेबलावरून पुढे सरकवून त्याने तिचा हात धरला. "याच महिन्यापासून सुरू करा."